पंचविसावा शब्द माझ्याकडे नाही

मी, गिल्बर्ट पास्कोल मिस्किटा, वय वर्षे ७२, धर्म ख्रिस्ती, निवृत्त टूलरूम फिटर, राहणार मरोळ गावठाण, अंधेरी पूर्व, मुंबई, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टर नलिनी राऊत यांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यात त्यांनी ‘पेशंट चिडलेले आहेत’ असंही लिहिलं आहे. ते मी खोडायला लावलं नाही, कारण ते खरं आहे.

वकील सुशांत धुरी, जे दिंडोशी कोर्टात काम करतात, यांनी मला मृत्युपत्राचा छापील नमुना दिला होता. त्यात ‘जंगम मालमत्ता’ या शब्दांपुढे दोन ओळींची जागा होती. माझं प्रकरण दोन ओळींत मावणारं नाही. यापूर्वीचं मृत्युपत्र, ज्यात मी सगळं काही मुलाला दिलं होतं, ते मी रद्द करत आहे. फाडून टाकलंच आहे, तरी सुशांतच्या म्हणण्याप्रमाणे लिहावं लागतं म्हणून लिहिलं.

कलम १. माझी माणसं.
माझी पत्नी ल्युसी २०२२ साली वारली. मला एकच मुलगा आहे, लेस्टर, वय ४१. तो मुलुंडला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. तो फ्लॅट माझ्या कंपनीने मला घरी बसवताना जे दिलं त्यातून घेतला आहे, हे तो विसरला असेल तर इथे वाचावं. मला एक सख्खी बहीण आहे, जॅकलिन, वय ६७, लग्न केलेलं नाही, सध्या बोरिवलीला भाड्याने राहते. ‘सध्या’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. त्याबद्दल पुढे येईल.

कलम २. घर.
गावठाणातल्या आमच्या घराच्या प्रॉपर्टी कार्डावर अकरा नावं आहेत. त्यातली चार माणसं मेली आहेत, दोन कॅनडात आहेत, आणि एक म्हणजे माझा चुलतभाऊ क्लिफर्ड, जो भिंतीपलीकडे राहतो आणि मेलेल्यांपेक्षा कमी उपयोगाचा आहे. छप्पर गळायला लागून सोळा वर्षं झाली. दुरुस्तीच्या अर्जावर सगळ्यांच्या सह्या लागतात. क्लिफर्ड म्हणतो, ‘आधी बाकीच्यांची घे, मग माझी.’ बाकीचेही तेच म्हणतात. सोळा वर्षं मी बादल्या ठेवतो आहे.

हे मी घराच्या दुःखासाठी लिहिलेलं नाही. पुढे कोणी विचारेल की कलम ३ मध्ये येणाऱ्या बिटकॉइनची किल्ली तीन जणांत वाटून, दोघांच्या सहीने उघडेल अशी सोय का केली नाहीस, तशी सोय मिळते की. त्याचं उत्तर माझ्या छपरात आहे. माळ्यावरच्या भाडेकरणीने ती पद्धत मला समजावली तेव्हा मी तिला वर बघायला सांगितलं. तिने बादली पाहिली आणि तो विषय सोडला.

कलम ३. बिटकॉइन आले कुठून.
हे माझे नाहीत. ल्युसीचे आहेत. ल्युसी दर एप्रिलमध्ये बॉटल मसाला कुटायची, आणि बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरून ओळखीच्यांना विकायची. जॅकलिन चार दिवस राहायला यायची, मिरच्या उन्हात टाकायची, भाजणं तीच बघायची. आमच्या घरचा मसाला सत्तावीस जिनसांचा आहे. त्या कोणत्या क्रमाने तव्यावर जातात ते या दोघींनाच ठाऊक होतं. मला फक्त शिंका ठाऊक होत्या.

२०१५ साली टोरांटोच्या एका गिऱ्हाइकाच्या मुलाने मसाल्याचे पैसे बिटकॉइनमध्ये पाठवले. मी म्हणालो, फसवतो आहे. ल्युसी म्हणाली, ‘मसाला फुकट नेलाय लोकांनी, हे तरी काहीतरी आहे.’ मग तिकडची आणखी गिऱ्हाइकं तसंच पाठवू लागली. आज त्याची किंमत या घरातल्या माझ्या हिश्शापेक्षा जास्त आहे. आकडा मी लिहीत नाही, तो रोज बदलतो आणि आकडा दिसला की आमच्या घरात माणसंही बदलतात.

कलम ४. किल्ली कुठे ठेवायची याचा घोळ.
आधी ते सगळं एका ऑनलाइन एक्स्चेंजवर, म्हणजे बिटकॉइनचे व्यवहार करणाऱ्या कंपनीकडे, पडून होतं. एके दिवशी त्यांनी पैसे काढणं बंद केलं. कारण विचारलं तर तेच उत्तर रोज, तेही मशीनचं. पाच महिन्यांनी उघडलं तेव्हा ल्युसीने ठरवलं की दुसऱ्याच्या कपाटात आपली वस्तू ठेवायची नाही. मग सल्ले सुरू झाले. क्लिफर्ड म्हणाला, माझ्या फोनवर ॲप आहे, त्यात टाका. लेस्टर म्हणाला, ‘मम्मा, माझ्या फोनवर करतो ना, तुम्हाला काय झेपणार?’ आणि टेलिग्रामवर ‘मदत विभाग’ म्हणवणारा एक अनोळखी माणूस इतक्या गोड भाषेत गुप्त शब्द मागू लागला की ल्युसीने त्याला मसाल्याच्या भाषेत उत्तर दिलं.

शेवटी माळ्यावरच्या खोलीत भाड्याने राहणारी श्रुतिका कुबल, जी अंधेरीतल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरच्या सुरक्षिततेचंच काम करते, तिने सगळ्यांना गप्प केलं. तिने तीन प्रश्न विचारले. फोन हरवला तर परत मिळेल का. घरात चोर आला तर वाचेल का. तुम्ही दोघं उद्या गेलात तर कोणाला उघडता येईल का. क्लिफर्ड आणि लेस्टरच्या सल्ल्यांत तिन्हींची उत्तरं क्लिफर्ड आणि लेस्टर हीच होती.

मग थेट कंपनीकडून, सीलबंद, एक छोटं यंत्र मागवलं. किल्ली त्यातच तयार होते आणि त्यातच राहते, इंटरनेटवर जात नाही. यंत्र बिघडलं तर दुसऱ्या यंत्रात किल्ली परत आणण्यासाठी ते चोवीस शब्द दाखवतं, ते आपण लिहून घ्यायचे. मी चष्मा सापडेना म्हणून मोबाइल उचलला, तेव्हा श्रुतिका मालवणीवर आली. म्हणाली, ‘काका, ह्या शब्दांचो फोटो काढलात तर माझ्याशी बोलू नकात.’ तिने आधी अगदी थोडी रक्कम पाठवायला लावली. मग यंत्र पूर्ण पुसायला लावलं आणि शब्द घालून ते परत उभं करायला लावलं. ल्युसी घाबरली होती. मला मात्र तेव्हा प्रथमच या धंद्याबद्दल आदर वाटला, कारण टूलरूममध्ये आम्हीही मापाचं गेज आधी खोटं ठरवायचा प्रयत्न करतो, नाही ठरलं तर वापरतो.

श्रुतिकाने आणखी एक कुलूप सुचवलं. चोवीस शब्द घातले की एक कप्पा उघडतो. त्यांनाच आपल्या मनाची एक ओळ जोडली की दुसराच कप्पा उघडतो. पहिला उघडणाऱ्याला दुसरा आहे याचा पत्ताही लागत नाही. या जोडलेल्या ओळीला ती पंचविसावा शब्द म्हणते. पहिल्या कप्प्यात थोडं ठेवायचं, म्हणजे चोर तेवढं घेऊन समाधानाने जातो. खरं ते दुसऱ्यात.

ती ओळ ल्युसीने ठरवली. टाइप करताना तिने मला स्वयंपाकघरातून बाहेर घालवलं. श्रुतिकाने पाठ फिरवली. तीन वेळा पुसून तीन वेळा उघडून पाहिलं, तिन्ही वेळा मी पडवीत. पंचेचाळीस वर्षांचा संसार, आणि माझ्याकडे काम कोणतं, तर चोवीस शब्द पत्र्यावर ठोकायचं.

कलम ५. माझी चूक.
कागद भिजतो, जळतो, आणि आमच्या घरात तर नक्की भिजतो. म्हणून मी शब्द स्टेनलेसच्या पट्टीवर लेटर पंचने, म्हणजे अक्षरांच्या पोलादी ठशांनी, ठोकले. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात. काम चोख झालं. पट्टी बँकेच्या लॉकरमध्ये गेली.

पण चाळीस वर्षं टूलरूममध्ये घालवलेला माणूस चांगल्या तुकड्यावर पहिला ठोका मारत नाही. तो आधी ट्रायल पीस करतो. मीही केला, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर, सगळे चोवीस. आणि जॉब पास होईपर्यंत ट्रायल पीस बेंचवरच्या खिळ्याला टांगून ठेवायचा असतो, म्हणून घरातल्या माझ्या बेंचवर टांगला. जॉब पास झाला, ल्युसी गेली, आणि ट्रायल पीस तिथेच राहिला. फोटो काढू नका, कोणाला सांगू नका, हे सगळं मी पाळलं, आणि पत्रा खिळ्याला टांगला. माझ्या वर्कशॉपमध्ये कोणी शिकाऊ मुलाने असं केलं असतं तर मी त्याच्या डोक्यावर हातोडीचा दांडा हाणला असता.

कलम ६. लेस्टर.
या वर्षी ईस्टरच्या आठवड्यात श्रुतिकाने तिच्या फोनवर, जिथे नुसतं बघता येतं, उघडता येत नाही, पाहून सांगितलं की पहिला कप्पा रिकामा झाला आहे. मी बेंचकडे गेलो. खिळा होता, पट्टी नव्हती. त्या आठवड्यात घरात एकच माणूस आला होता, पाम संडेला, आणि त्याने विचारलं होतं, ‘पपा, तुमचा ड्रिल मशीन नेऊ का?’ ड्रिल मशीन तो विसरून गेला.

मी मुलुंडला गेलो. त्याने नाकारलं नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहितो. चहा केला आणि म्हणाला, ‘पपा, ओरडताय कशाला? शेवटी माझंच होणार होतं ना.’

मी ओरडत नव्हतो. चहा न पिता निघालो. मी सापळा मुलासाठी लावला नव्हता. चोरासाठी लावला होता.

‘शेवटी माझंच होणार होतं ना.’ हे वाक्य मी मुलुंडपासून मरोळपर्यंत रिक्षात घोळवत आलो. कुठेतरी ऐकलं होतं. घराच्या पायरीवर आठवलं, कुठे ते.

कलम ७. १९९६.
आमचे वडील वारल्यावर सुशिक्षित लोकांच्या सल्ल्याने मी हक्कसोडपत्र तयार करून आणलं. जॅकलिन तेव्हा एक्सपोर्टच्या कारखान्यात शिलाईवर होती. अर्धा दिवस रजा टाकून ती रजिस्ट्रारच्या ऑफिसात आली. तिने विचारलं, ‘हे कशाला रे?’ मी म्हणालो, ‘अगं, शेवटी घर माझंच होणार आहे ना. नुसता कागद आहे, कर सही.’ तिने केली. साक्षीदार म्हणून ल्युसीने केली. बाहेर आल्यावर मी दोघींना फालुदा पाजला. तिच्या हिश्शाबद्दल तिला मिळालं ते एवढंच.

त्यानंतर ती अकरा-अकरा महिन्यांच्या करारांवर राहिली. माझ्या मोजणीने नऊ घरं झाली. एप्रिलमध्ये यायची तेव्हा स्वतःची चादर घेऊन यायची. जिथे ती जन्मली त्या घरात ती पाहुण्यासारखी चादर आणायची, आणि मी छत्तीस वेळा ‘पंखा लावू का’ विचारलं असेल, पण चादरीबद्दल एकदाही विचारलं नाही. ल्युसी ते बघत होती. साक्षीदार तीच होती.

ल्युसीने हॉस्पिटलमध्ये मला सांगितलं, ‘ती ओळ म्हणजे आपल्या मसाल्याचा क्रम आहे, सत्तावीसच्या सत्तावीस. जॅकलिनला पाठ आहे. पण ती कशाची किल्ली आहे ते तिला माहीत नाही. तू जाऊन सांग.’ मी हो म्हणालो. तीन वर्षं गेलो नाही. ल्युसीवर मी फार चिडलो होतो, आजही आहे. नवऱ्यावर विश्वास नव्हता तर तोंडावर सांगायचं. पण तिने चुकीच्या माणसावर अविश्वास दाखवला असं मला म्हणता येत नाही.

कारण लेस्टरच्या प्रकारानंतर ऑगस्टमध्ये मी बोरिवलीला गेलो तो सांगायला नाही. काढून घ्यायला गेलो. ठरवलं होतं की सत्तावीस नावं लिहून आणायची, खरा कप्पा उघडायचा, आणि मग जॅकलिनला काय द्यायचं ते मी ठरवीन. कोरा कागद आणि पेन सोबत नेलं होतं. दार उघडताच ती म्हणाली, ‘ये. छत्री बाहेर ठेव.’ मी म्हणालो, मसाला करायचा विचार आहे, ल्युसीचा क्रम हवा होता. आणि कागद टेबलावर ठेवला, पेन त्याच्यावर.

तिने कागदाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. चष्मा लावला, पेनचं टोपण काढलं आणि म्हणाली, ‘कुठं सही करू?’

रागाने नाही. टोमणाही नव्हता. मी कागद आणला म्हणजे सही करायची असणार, एवढंच तिने धरलं होतं. कागद कोराच आहे हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. मी कागद घडी करून खिशात घातला आणि काही न सांगता परत आलो. छत्री तिथेच राहिली.

कलम ८. कोणाला काय.
(अ) पट्टी, यंत्र, पहिला आणि दुसरा कप्पा, त्यात जे असेल ते सगळं मी जॅकलिनला देत आहे. खरं तर ‘देत आहे’ हा शब्द चूक आहे. त्यातलं अर्धं तिच्या भाजणीचं आहे आणि किल्ली तिच्याच डोक्यात आहे. माझ्याकडे चोवीस शब्द आहेत, त्यांनी आता रिकामा कप्पा उघडतो. लॉकरचं नॉमिनेशन मी तिच्या नावे केलं आहे.

(ब) प्रॉपर्टी कार्डातला माझा पूर्ण अविभक्त हिस्साही जॅकलिनला. त्यातला अर्धा १९९६ पर्यंत तिचाच होता. उरलेला अर्धा एकोणतीस वर्षांच्या भाड्यापोटी.

(क) व्यवस्थापक म्हणून मी सुशांत धुरी यांना नेमतो, आणि त्यांना हा क्रम पाळायचा आहे, मागेपुढे चालणार नाही. मी गेल्यावर प्रथम जॅकलिनला माझं बंद पत्र द्यायचं, ज्यात मसाल्याचा क्रम कशाची किल्ली आहे ते मी लिहिलं आहे. मग श्रुतिकाने तिच्यासोबत बसायचं, जॅकलिनसाठी नवं सीलबंद यंत्र आणायचं, तिचे स्वतःचे नवे चोवीस शब्द तयार करायचे. आधी थोडं पाठवून बघायचं, पुसून बघायचं, मग सगळं हलवायचं. जुना दुसरा कप्पा उघडताना मसाल्याच्या क्रमातल्या नावांची स्पेलिंगं स्वयंपाकघरातल्या डब्यांवर आहेत तशीच घ्यायची. त्या चिठ्ठ्या जॅकलिनच्याच अक्षरातल्या आहेत. टाइप करताना श्रुतिकाने पाठ फिरवायची, ते तिला सांगायला नको. हे पूर्ण झाल्यावरच हे मृत्युपत्र लेस्टरला वाचून दाखवायचं. म्हणून मी इतकं उघड लिहू शकलो. लेस्टर, तू हे ऐकतो आहेस तेव्हा दुसरा कप्पाही रिकामा आहे. आत्याकडे धावू नकोस.

(ड) जॅकलिन माझ्याआधी गेली तर दुसरा कप्पा कायमचा बंद राहील. राहू दे. मी उघडायला जाणार नाही. सुशांत म्हणाले, अहो, हे सगळं आजच करा, जिवंतपणी. बरोबर आहे. पण माझ्या हातून ती घेणार नाही, ‘राहू दे रे’ म्हणेल आणि चहा टाकेल. मेलेल्या माणसाला नाही म्हणायला तिला जड जाईल. आणि दुसरं कारण असं की, पुन्हा त्या टेबलासमोर बसायची माझी हिंमत नाही. दोन्ही कारणं लिहिली आहेत, खरं कोणतं ते वाचणाऱ्याने ठरवावं.

(ई) लेस्टर याला तो ट्रायल पीस देत आहे. तो त्याच्याकडेच आहे. आजपासून तो कायदेशीररीत्या त्याचा आहे, म्हणजे कोणी त्याला चोर म्हणणार नाही. मीही नाही. पहिल्या कप्प्यातलं जे नेलं ते परत मागू नये. ड्रिल मशीनही त्याने न्यावं. ते नेण्यासाठी तरी त्याने एकदा घरी यावं.

(फ) लेटर पंचचा संच, आणि सरफेस प्लेट व व्हर्निअर ही माझी मापाची हत्यारं श्रुतिकाला. ती म्हणते तिला उपयोग नाही. उपयोग होईल, शब्द ठोकणारं कोणीतरी लागतंच. मात्र खिळ्याला काही टांगू नये. तिला काही मिळत असल्यामुळे ती या कागदावर साक्षीदार होऊ शकत नाही, असं सुशांत म्हणतात.

(ग) क्लिफर्डला माझ्या पाच बादल्या. भिंत एकच आहे, पाणी आता त्याच्याकडे वळेल.

कलम ९. माझं शरीर.
कबरस्तानाच्या भिंतीत ल्युसीची हाडं ठेवलेल्या कोनाड्यात जागा आहे, माझीही तिथे ठेवावीत. तिच्या नावाची पट्टी मी ठोकली होती, माझी दुसऱ्या कोणीही ठोकावी, थोडी वाकडी आली तरी चालेल. माझ्यासाठी जेवण घालायचं असेल तर आमच्या घरच्या मसाल्याचंच घालावं. तो फक्त जॅकलिनला येतो, पण तिला सांगू नये. तिची इच्छा असली तर करेल. या वर्षी दोन नोव्हेंबरला, आमच्या मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, मी कबरस्तानात गेलो तेव्हा कोनाडा पुसलेला होता आणि माझी छत्री तिथे टेकवून ठेवलेली होती. जॅकलिन निघून गेली होती.

कलम १०. शेवटचं.
हे मृत्युपत्र अमलात येण्यासाठी माझी आणि दोन साक्षीदारांची सही लागते, जॅकलिनची नाही. सुशांतला मी तीन वेळा विचारून खात्री केली आहे. घर मिळायला नाही, यंत्र मिळायला नाही, काहीही मिळायला नाही. कोणी तिच्यापुढे पेन धरलं, कोणत्याही ऑफिसातलं, कोणत्याही कारणाने, तर तिला हे कलम दाखवावं. या कागदावर जॅकलिनने कुठेही सही करायची नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर त्यावर सही केली. त्यांनी माझ्यासमोर त्यांच्या सह्या केल्या.

लिहून ठेवणार:
(सही) गिल्बर्ट पास्कोल मिस्किटा

साक्षीदार:
१. (सही) डॉ. नलिनी राऊत, मरोळ, अंधेरी पूर्व
२. (सही) दशरथ पाटकर, निवृत्त टूलरूम इन्स्पेक्टर, घाटकोपर. यांनी चाळीस वर्षं माझे जॉब पास केले.

स्थळ: अंधेरी, मुंबई
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५